काउंटरवर तिसरा कोणीतरी

सकाळी ७.१५

दूध गॅसवर चढवलं तोच शेजारच्या काकू मोबाइल घेऊन दारात उभ्या. "अगं, हे जरा वाच. आज रात्री साडेनऊला लाइट कापणार म्हणतायत. बिल तर मी कधीच भरलंय." मेसेज मोडक्यातोडक्या इंग्रजीत होता. मागच्या महिन्याचं बिल सिस्टिममध्ये दिसत नाही, ताबडतोब 'इलेक्ट्रिसिटी ऑफिसर'ला फोन करा, आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर. गिरगावात वीज बेस्टची. बेस्टचं बिल थकलं तर रीतसर नोटीस येते, कुणा अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइलवर फोन करून वीज वाचवावी लागत नाही. साडेनऊची वेळही विचार करून निवडलेली असते. तेव्हा चौकशीला जावं तर कार्यालय बंद असतं, आणि घरात एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अंधाराच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटतो.

त्या नंबरवर फोन लावला असता तर पलीकडच्याने अगदी अदबीने एक फाइल पाठवली असती. हे ॲप टाका, दहा रुपये भरा, खातं अपडेट होईल. त्या ॲपमधून काकूंच्या फोनचा पडदा त्याला दिसला असता, आलेला प्रत्येक मेसेज वाचता आला असता. दहा रुपये हे निमित्त. ते भरताना काकू काय दाबतात हे त्याला पाहायचं असतं.

काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्या वाचल्या, कारण फोन लावण्याआधी त्यांनी मेसेज दुसऱ्या माणसाला दाखवला. मी परळ-लालबागच्या मधल्या एका बँकेच्या शाखेत आहे, तक्रारींचं टेबल माझ्याकडे असतं. बँकेचं नाव देत नाही, आणि ग्राहक ओळखू येऊ नयेत म्हणून तपशीलही थोडे बदलले आहेत. या टेबलावर बसून माझी एक खात्री झाली आहे. फसलेला माणूस अडाणी नसतो, हावरटही क्वचितच असतो. त्या घटकेला तो एकटा असतो, एवढंच. ठगाची सगळी मेहनत त्याला एकटं पाडण्यासाठी आणि एकटं ठेवण्यासाठी चाललेली असते.

८.४०

चर्नी रोडहून स्लो लोकल. लेडीज डब्यात कुणाच्या तरी फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज मोठ्याने वाजतो: ट्रायकडून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. तिने कापला. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, कुणाचाही मोबाइल नंबर बंद करत नाही, हे ट्रायने स्वतः अनेकदा सांगितलंय. पण नऊ दाबणारे मिळतात, म्हणून हा आवाज अजून फिरतोय.

९.२५

शटर अर्धं वर. कॅशवाले आत गेले, मी कॉम्प्युटर उघडला. रात्रभरात आलेल्या तक्रारी आधी बघायच्या, कारण यात मिनिटांना किंमत असते.

या ऑनलाइन चोरीचा इतिहास समजून घेतला तर तिची रीत कळते. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. त्यानंतर नुसता कार्डाचा नंबर चोरून भागेना. पासवर्ड किंवा ओटीपी हवा, आणि तो ग्राहकाकडे. कुलूप फुटत नाही म्हटल्यावर चोर किल्ली मागायला थेट मालकाच्या दारात आला. तेव्हापासून या धंद्यात हत्यार म्हणजे आवाज. झारखंडमधलं जामताडा त्यामुळेच देशाला माहीत झालं.

मोबाइल नंबरच पळवायचा, ही दुसरी वाट. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान सहा मिस्ड कॉल आले. सकाळी बघतो तर सिम बंद, आणि १ कोटी ८६ लाख रुपये वेगवेगळ्या खात्यांत गेलेले. त्याच्या नंबराचं नवं सिम दुसऱ्याच कुणीतरी काढून घेतलं होतं. तेव्हापासून आम्ही ग्राहकांना सांगतो, आपल्या फोनची रेंज अचानक गेली आणि घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला आहे, तर टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवा.

आणि हा प्रश्न दोन-चार भोळ्या माणसांपुरता नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार सायबर फसवणुकीत देशाने २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

१०.००

दार उघडलं. पासबुकवाले सगळ्यात पुढे. घरात ॲप असलं तरी पासबुकात छापलेली ओळ बघितल्याशिवाय ज्यांचं समाधान होत नाही, त्यांचं मला कौतुक आहे. महिन्यातून एकदा का होईना, ते आपला हिशोब आपल्या डोळ्यांनी बघतात.

ही वस्ती गिरणगावातली. १९८२ च्या गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेल्या घरांतली पुढची पिढी आता साठीला टेकली आहे. जुन्या चाळी पाडून टॉवर उठताहेत. त्यात भाडेकरूंना संक्रमण काळाचं भाडं एकरकमी मिळतं, काही ठिकाणी कॉर्पस मिळतो. ज्या माणसाने जन्मभर पगारातून उरलेले पाचशे-हजार टाकले, त्याच्या खात्यात एकदम काही लाख येऊन पडतात. एवढी रक्कम सांभाळायची सवय नाही, आणि ती पुन्हा कधी येणारही नाही. ठगाला हे सगळं ठाऊक असतंच असं नाही. तो शंभर जणांना फोन करतो. त्यात एक असा लागतो, आणि त्या एकाचं म्हातारपण जातं.

११.४०

आजचा मोठा वेळ इथे गेला.

बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. निम्मी शाखा त्यांना बाईच म्हणते, आमच्या शिपाईदादांचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकला. आल्या आणि सरळ माझ्यासमोर बसून दोन एफडीच्या पावत्या ठेवल्या. "दोन्ही मोडायच्या आहेत. पैसे आरटीजीएसने पाठवायचेत." फॉर्म घरूनच भरून आणलेला. अकरा लाख. लाभार्थी कुठल्या तरी 'ट्रेडर्स'चं चालू खातं, शाखा दुसऱ्या राज्यात.

"कशासाठी, बाई?"

"भाच्याला घर घ्यायचंय."

उत्तर फार पटकन आलं, पाठ केल्यासारखं. भाच्याचं घर आणि खातं ट्रेडर्सचं, हे एक. पण मला खटकलं ते वेगळंच. बाई एफडी नुसती वठवायला आल्या तरी व्याजाचा हिशोब तोंडी करून माझ्याशी ताडून बघतात. मुदतीआधी मोडली तर व्याज किती बुडेल, हे आज त्यांनी विचारलंच नाही. पर्सची चेन उघडी, आत मोबाइल उभा, पडदा उजळलेला. मी काही विचारलं की बोलण्याआधी त्यांची नजर पर्समध्ये जायची.

मी विड्रॉवल स्लिपच्या मागे लिहिलं, "फोनवर कुणी ऐकतंय का? असेल तर काही बोलू नका, फक्त पेन उचला." आणि स्लिप त्यांच्याकडे सरकवली. तोंडाने मात्र चालू ठेवलं, "इथे एक सही राहिलीय बघा."

बाईंनी पेन उचललं. त्यांचा हात थरथरत होता.

आमच्या लॉकर रूममध्ये मोबाइलला रेंज अजिबात नसते. एरवी त्यावरून ग्राहकांची बोलणी खातो. "बाई, पावतीवरच्या सहीची पडताळणी आत करावी लागेल, दोन मिनिटं चला," म्हणत मी त्यांना आत नेलं. जड दार लागलं, फोन आपोआप तुटला, आणि बाई खुर्चीवर बसून रडायला लागल्या.

दोन दिवस चाललं होतं. आधी फोन आला की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गैरप्रकार झालेत. मग फोन 'पोलिसां'कडे दिला. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली, पाठीमागे वायरलेसचा आवाज. मनी लाँडरिंगच्या केसमध्ये तुमचं नाव आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. कॅमेरा बंद करायचा नाही, झोपतानाही. दार लावून घ्या. मुलाला सांगितलंत तर त्यालाही गुंतवू. पैसे निर्दोष आहेत का हे रिझर्व्ह बँक तपासेल, अठ्ठेचाळीस तासांत परत मिळतील. बँकेत कुणी विचारलं तर भाच्याचं घर सांगा, फोन चालू ठेवा, आम्ही ऐकतोय. पहिल्याच दिवशी 'पडताळणी शुल्क' म्हणून त्यांनी मोबाइलवरून अठ्ठेचाळीस हजार भरलेही होते.

चहा आला. बाईंनी दोन घोट घेतले आणि माझा हात धरून विचारलं, "पण माझ्यावर खरंच केस नाही ना गं?"

फोन तुटल्यावरही माणूस सुटत नाही तो असा. मी त्यांना सावकाश सांगितलं. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, कुणालाही घरात डांबून कॅमेऱ्यासमोर बसवत नाहीत, आणि चौकशीसाठी पैसे तर कधीच मागत नाहीत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. रिझर्व्ह बँक कुणा नागरिकाचे पैसे तपासायला मागवून घेत नाही. ती आपल्याच शहरात आहे, फोर्टला शहीद भगतसिंग मार्गावर, आणि सामान्य माणसाचं खातं तिच्याकडे नसतंच.

मग एफडीच्या पावत्या जशाच्या तशा त्यांच्या पर्समध्ये ठेवल्या. मोबाइल बँकिंग बंद केलं, कार्ड बंद केलं. गेलेल्या अठ्ठेचाळीस हजारांची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर नोंदवली. लॉकर रूममधून बाहेर आलो तेव्हा त्यांच्या फोनवर मिस्ड कॉलची रांग लागली होती. पुढचा कॉल आला तो बाईंच्या संमतीने शाखाधिकाऱ्यांनी उचलला आणि बँकेचं नाव सांगितलं. पलीकडून लगेच ठेवला गेला. शिपाईदादा बाईंबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यात गेले, एकटं पाठवायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं.

दुपारी १.२०

तिशीतला एक मुलगा धापा टाकत आला. कुरियर कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला, वर दिसला तो पहिला लावला. पत्ता अपडेट करायला पाच रुपये भरा म्हणून एपीके फाइल आली, ती टाकली, आणि एकोणसाठ हजार गेले. "कधी?" "सकाळी नऊला." सव्वा वाजून गेला होता. मधले चार तास त्याने त्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन करून पैसे परत मागण्यात घालवले. बायकोला सांगायची लाज वाटली, ऑफिसात सांगायची लाज वाटली.

१९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेशी जोडलेला आहे. आपण बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक सांगितला की तक्रार आपल्या बँकेकडे आणि पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे जाते. पैसे अजून तिथेच असतील तर अडवले जातात. पुढे सरकले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. चोर एक रक्कम चार-पाच खात्यांत फोडतो आणि एटीएममधून काढून टाकतो, त्याला वेळ पुरू द्यायचा नाही एवढाच या व्यवस्थेचा उद्देश. फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाकता येते. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये कळवायचं.

मुलाची तक्रार नोंदवली. एकोणसाठपैकी साडेसहा हजार अडवल्याचं पुढे कळलं. सकाळी नऊलाच कळवलं असतं तर किती अडले असते हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्याचं तो समजला होता.

२.१०

डबा. आम्ही चौघीजणी एकत्र बसतो. बाईंचंच बोलणं निघालं.

लहानपणी आमच्या चाळीत एकच फोन होता, पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. बाकी सगळ्यांनी तोच नंबर पुढे पी.पी. लिहून नातेवाइकांना दिलेला. फोन आला की गॅलरीतून हाक, आणि जाऊन बोलायचं ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत, घरातल्या पाच माणसांसमोर. फोन ठेवला की कुणीतरी विचारणारच, "काय गं, सगळं ठीक ना?" त्याचा तेव्हा वैताग यायचा, तरुणपणी तर फार. पण तुमच्या आधारवर गुन्हा दाखल झालाय, दार लावून घ्या, असं सांगणाऱ्याला त्या खोलीत कुणी दोन मिनिटंही टिकू दिलं नसतं.

चाळ परत आणा, असं मी म्हणत नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहिलेली बाई असं म्हणणार नाही. नव्या घरात आई-वडिलांना लिफ्ट मिळाली, स्वतःचा नळ मिळाला, तो त्यांचा हक्कच होता. पण दारं बंद झाली, मुलं ठाण्या-डोंबिवलीला किंवा परदेशी गेली, आणि फोन मात्र प्रत्येकाच्या उशाशी आला. ठग 'दार लावून घ्या' म्हणतो तेव्हा लावायला दार आता आहे, आणि बाहेर 'काय झालं' विचारणारं कुणी नाही.

दक्षिण मुंबईतल्या एका ८६ वर्षांच्या बाईंचं प्रकरण मार्च २०२५ मध्ये उघडकीला आलं. डिसेंबरच्या अखेरीपासून दोन महिन्यांहून अधिक काळ त्या अशाच 'अटकेत' होत्या, आणि वीस कोटींवर रक्कम गेली. त्यांच्या वागण्यातला बदल हेरला तो घरकामाला येणाऱ्या बाईंनी, आणि त्यांनी मुलीच्या कानावर घातलं. इतक्या मोठ्या रकमा खात्यांतून जात असताना जे कुणाच्या ध्यानात आलं नाही, ते रोज घरात वावरणाऱ्या बाईंना दिसलं. मला हे वारंवार आठवतं.

३.३०

कॅश बंद होत आली तशी दोन माणसं आली आणि दोघांनाही मला नको ती बातमी द्यावी लागली.

पहिले गृहस्थ पन्नाशीचे. क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून देतो म्हणणाऱ्याला त्यांनी ओटीपी सांगितला, बत्तीस हजार गेले. त्यांच्या हातात रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, मुलीने छापून दिलेलं. "तीन दिवसांत कळवलं की शून्य जबाबदारी, असं लिहिलंय." लिहिलंय, पण ते बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणाहून झालेल्या व्यवहारांना. बँकेचीच चूक असेल तर तुम्ही कळवा न कळवा, जबाबदारी बँकेची. चौथ्या ते सातव्या कामाच्या दिवशी कळवलं तर ग्राहकाचं नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत. आणि ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लेखी घ्यायचा, तोंडी सांगून घरी जायचं नाही. बँकेचं उत्तर पटलं नाही, किंवा तीस दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, ते माझ्या बँकेच्या विरोधात जात असलं तरी.

ज्याच्याकडून धमकावून ओटीपी काढून घेतला आणि ज्याने बेफिकिरीने दिला, दोघांना एकाच मापाने 'निष्काळजी' म्हणणं मला पटत नाही. ग्राहकाला काउंटरवरून ॲपकडे ढकललं ते आम्ही बँकांनीच. मग ज्या माणसाने वर्षभरात पाच हजारांवर कधी पाठवले नाहीत, त्याच्या खात्यातून पहाटे तीनला लाख रुपये निघाले तर थांबून विचारायची जबाबदारीही आमचीच.

दुसरा कॉलेजचा मुलगा, लालबागचाच. खातं गोठवलंय म्हणून भांडायला आलेला. हळूहळू कळलं की एका ओळखीच्याने त्याला पाच हजार दिले आणि कार्ड, पासबुक, सिम 'थोडे दिवस' मागून घेतलं. त्या थोड्या दिवसांत त्याच्या खात्यात कुणा अनोळखी लोकांचे सव्वाचार लाख आले आणि गेले. फोनवर बोलणारा कुठेही बसलेला असो, पैसे उतरवायला त्याला आपल्या गल्लीतलं खातं लागतं. "मला काय माहीत ते कसले पैसे होते," मुलगा म्हणाला. पोलीसही त्याला हेच विचारणार आहेत. आईला घेऊन ये म्हटलं. त्याने मान खाली घातली. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आणतो."

संध्याकाळी ५.२०

शाखेच्या लँडलाइनवर न्यू जर्सीहून फोन. बाईंचा मुलगा. दोन दिवस आई फोन उचलत नव्हती, शेजाऱ्यांनी सांगितलं की सकाळी बँकेत जाताना दिसल्या. "मॅडम, आईच्या खात्यात काही गडबड झालीय का?"

आवाजातली घालमेल कळत होती, पण ग्राहकाच्या परवानगीशिवाय मी मुलालाही काही सांगू शकत नाही. शिवाय बँकेत फोन करून 'मी मुलगा बोलतोय' म्हणणारा मुलगाच असतो असं थोडंच आहे! मी म्हटलं, "तुमची आई सुखरूप आहे, आत्ता घरी आहे. बाकी त्यांच्याशीच बोला." आणि बाईंना फोन लावला. मुलाचा फोन आला होता, काय सांगू विचारलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मीच सांगते त्याला. रागावेल."

अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन. रागावला नव्हता. आईचं मोबाइल बँकिंग कायमचं बंद करा, एफडी माझ्या सहीशिवाय मोडू देऊ नका, असं मागत होता. मी त्याला सांगितलं, खातं बाईंचं आहे. व्यवहाराची मर्यादा कमी करणं, एफडी संयुक्त करणं, सगळं होतं, पण अर्ज त्यांचा हवा आणि इच्छाही त्यांची हवी. सत्तरी ओलांडलेल्या शिक्षिकेला दोन दिवस कुणीतरी 'तुम्हाला काही कळत नाही, मी सांगतो तसं करा' म्हणून नाचवलं. आता मुलानेही प्रेमापोटी तेच म्हणू नये. रोज रात्री आठला फोन करा, ते सगळ्यात उपयोगाचं, असंही सांगितलं. माझ्या कामात बसत नव्हतं तरी सांगितलं.

६.४५

लालबागमधल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांची बैठक. महिन्यातून एकदा मी अशा ठिकाणी जाते. भाषण करत नाही, प्रश्न घेते.

"पैसे घ्यायला पिन लागतो का?" नाही. यूपीआयचा पिन पैसे येताना कधीच लागत नाही. कुणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणाला की तिथेच ठेवा.

"हयातीच्या दाखल्यासाठी फोन आला तर?" नोव्हेंबर जवळ आला की असे फोन वाढतात. दाखला बँकेत येऊन द्या किंवा जीवन प्रमाणवर स्वतः करा. फोनवर आलेल्या लिंकवरून नको.

"बँकेची वेबसाइट खरी कशी ओळखायची?" रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा पत्ता घ्यायला लावलाय, शेवट तसा आहे का बघा. पण त्याहून सोपं म्हणजे मेसेजमधल्या लिंकवर जायचंच नाही.

पोस्टातून निवृत्त झालेले एक काका उठले. "हे सगळं ठीक. पण फोन खरंच बँकेचा असला आणि आम्ही ठेवून दिला तर? उगाच नुकसान व्हायचं." हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपली पिढ्यान्पिढ्यांची शिकवण आड येते. साहेबाचा फोन मध्येच ठेवायचा नसतो, समोरच्याला तोडून बोलायचं नसतं. ठग नेमका याच सभ्यतेवर जगतो. मी म्हटलं, ठेवा, खुशाल ठेवा. बँकांचे सेवेचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत असा नियम झालाय. पण आकडे लक्षात नाही राहिले तरी हरकत नाही. ठेवा, पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर बघून आपण लावा. खऱ्या बँकेला त्याचा राग येत नाही, आणि फोन ठेवला म्हणून खातं बंद करणारी बँक मी तरी पाहिलेली नाही.

मागून एक आजी म्हणाल्या, "फोन ठेवून कुणाला विचारायचं? आमच्या मजल्यावर चार दारं. तीन घरांतल्या लोकांची नावं मला माहीत नाहीत."

हॉलमध्ये बऱ्याच माना हलल्या. मी काही बोलण्याआधी मंडळाचे चिटणीस उभे राहिले. गणपतीच्या वर्गणीला आपण प्रत्येक दारात जातोच, ते म्हणाले, या वेळी प्रत्येक मजल्यावरचं एक घर ठरवून घेऊ. असा फोन आला की कुठल्याही वेळी त्या घराची बेल वाजवायची, आणि त्यांनी 'एवढ्यासाठी उठवलंत' म्हणायचं नाही. कोण कोण तयार आहे, त्यांनी विचारलं. पहिला हात पोस्टातल्या काकांचा, मग आणखी काही. यादी करायला वही मागवली. मी त्या वहीच्या पहिल्या पानावर १९३०, माझ्या शाखेचा लँडलाइन नंबर आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर लिहून दिला. जेवायची वेळ होत आली होती तरी यादी होईपर्यंत कुणी उठलं नाही. नावाबरोबर खोली नंबर लिहायचा की फ्लॅट नंबर, यावर बराच वेळ चर्चा चालली.